धोटेमावशी आणि एकमताचा पाठिंबा

“घंटा काहून वाजवता? अख्खी नोकरी मी घंटा ऐकूनच केली. तुमच्या या टिणटिणीला मी घाबरून नाही राहिले!”

धोटेमावशी ओरडल्या आणि काउंटीच्या सभागृहातला झेंडा हलला. खिडक्या बंद होत्या, एसी आठवडाभर बिघडलेला होता, म्हणजे वाऱ्याचा प्रश्नच नव्हता. झेंडा मावशींच्या आवाजानं हलला. मी मागच्या रांगेत होतो, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. पुढं उंच टेबलामागे पाच कमिशनर बसलेले. आपल्याकडचे जिल्हा परिषद सभासद समजा, फक्त दात जास्त पांढरे. पाचही जण चाकाच्या खुर्च्यांसकट एक वीतभर मागे सरकले. सभेचं इतिवृत्त टाइप करणाऱ्या बाईची नखं कीबोर्डवरच थांबली.

तिथं नागरिकाला बोलायला तीन मिनिटं मिळतात, मग चेअरमन घंटा वाजवतो. मावशींची तीन मिनिटं संपली तेव्हा त्यांचा नमस्कार नुकता आटोपला होता. हे सगळं इंग्रजीत चाललं होतं बरं का. पण मावशींचं इंग्रजी नागपूरला संत्र्याच्या पेटीत भरून इथं उतरवल्यासारखं. राग वाढत गेला की इंग्रजीचं साल गळून पडे आणि आतली नागपुरी फोड बाहेर येई.

“आणि हे पाहा,” म्हणत त्यांनी पिशवीतून एक जळका प्लग काढला आणि माईकसमोर ठेवला. अर्धा वितळलेला, काळा, एक दात वाकडा. “वास घ्या याचा. हा आमच्या हॉलचा वास आहे.”

चेअरमन रँडी हसला. या माणसाचं हसू इतकं कायमचं की रात्री काढून ग्लासात ठेवत असावा.

आता मावशी कोण, तिथं काय करत होत्या आणि त्यांच्या पिशवीत जळका प्लग कसा आला, हे सांगायला हवं. तोवर त्यांना तिथंच ओरडत ठेवू. घसा दमणारा नाही त्यांचा.

आमचं गाव अटलांटाच्या उत्तरेला, अल्फारेटा ओलांडून आणखी पुढं. गावाचं आणि काउंटीचं नाव मी सांगत नाही. तुम्हाला सांगून उपयोग नाही आणि मला तिथंच राहायचं आहे. धोटेमावशी माझ्या शेजारच्या घरात, मुलीकडे आल्या. मुलगी आणि जावई दोघंही आयटीत. मावशी नागपूर जिल्ह्यातल्या झेडपीच्या शाळेत मास्तरीण होत्या. सुती साडी, खाली पांढरे धावायचे बूट, वर जावयाचं जुनं जॅकेट आणि खांद्याला खाकी पिशवी. गाडी चालवायला त्या कधी शिकल्या नाहीत. “पाय कशाला दिले मग देवानं, ब्रेक मारायला?” असं म्हणत. अमेरिकेत पायी चालणारा माणूस दिसला की लोक गाडी थांबवून विचारतात, काही मदत हवी का. मावशींना सुरुवातीला इतक्या लोकांनी विचारलं की त्यांना वाटलं, या देशात माणुसकी फार. मग एकदा पोलिसानं विचारलं, तेव्हा गैरसमज दूर झाला.

मला त्या ‘पुणेकर’ म्हणत. नाव माहीत होतं, पण माझ्या गावावरून मला टोमणा मारण्याची संधी त्या सोडत नसत. “काय पुणेकर, गाडी काढता का, का आधी विचारपूस करता?” सभेला, दवाखान्यात, काउंटीच्या ऑफिसात त्यांना नेण्याचं काम माझ्याकडे असे.

मास्तरीण म्हटलं की आपल्याकडे निवडणुकीची ड्युटी आली. इतर शिक्षक ड्युटी टळावी म्हणून आजारी पडतात, सासू आजारी पाडतात. धोटेमावशी मात्र तहसीलमध्ये जाऊन यादीत आपलं नाव नाही म्हणून भांडलेल्या. मतदान यंत्र उशाशी घेऊन त्या शाळेच्या फरशीवर झोपल्या होत्या. एकदा म्हणे नाल्याला पूर आला, तर यंत्र डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून गेल्या. हा पूर दर वेळी सांगताना वाढत असे. मी शेवटचा ऐकला तेव्हा त्यात मगर होती. पण सगळ्या गोष्टींच्या शेवटी त्यांचं एकच वाक्य असायचं, ते मात्र कधी वाढलं नाही, कमी झालं नाही.

“केंद्र माणसाजवळ जाते, बापा. माणूस केंद्राजवळ नाही जात.”

इथलं नागरिकत्व मिळालं त्याच आठवड्यात मावशी मतदान केंद्रावर काम मागायला गेल्या. मुलगी म्हणाली, आई, आता तरी आराम कर. मावशी म्हणाल्या, “ड्युटी आहे.” कोणी लावली होती ड्युटी? कोणीच नाही. पण ज्याला ड्युटीची सवय लागली त्याला आदेशाची वाट पाहवत नाही.

आमचं केंद्र म्हणजे पार्कातला कम्युनिटी हॉल. काउंटीच्याच मालकीचा, लाकडी, बुटका, शेजारी कोणी न खेळणारं टेनिस कोर्ट. तिथल्या प्रमुख मिस लोरेटा. वयानं मावशींच्या बरोबरीच्या, काळ्यासावळ्या, धिप्पाड, गुडघे गेलेले म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या खुर्चीत बसलेल्या. त्या खुर्चीतून हॉलवर अशी हुकमत चालवायच्या की सिंहासनाला चाकं लावल्यासारखं वाटे. काळ्या लोकांना इथं मत देऊ लागले तेव्हा याच हॉलात त्यांच्या आईनं आयुष्यातलं पहिलं मत दिलं होतं. हे त्यांनी एकदाच सांगितलं, पुन्हा काढलं नाही.

पहिल्या दिवशी पहाटे मावशी पिशवी घेऊन हजर झाल्या. पिशवीत मेणबत्ती, काडेपेटी, दोरा, पट्टी, ब्लेड आणि लाखेची कांडी. आपल्याकडे यंत्राला लाखेचं सील लागतं, तर इथंही लागत असणार, असा सरळ हिशेब. कोणाला न विचारता त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि लाख वितळवायला घेतली. लाकडी हॉल, छताला धुराचा भोंगा. भोंगा बोंबलला. झाडून सगळे बाहेर पळाले आणि अग्निशामक दलाच्या दोन गाड्या आल्या. मावशी आत यंत्राला पाठ लावून उभ्या. हेल्मेटवाला म्हणाला, मॅडम, बाहेर चला. मावशी म्हणाल्या, यंत्र ताब्यात घेतल्याची पावती द्या, मग येते. त्यानं आवाज चढवला, यांनी हात पुढं केला. शेवटी त्या सहा फुटी माणसानं कॉफीबरोबरच्या कागदी रुमालावर सही करून दिली, तेव्हा मावशी हलल्या.

मिस लोरेटांनी त्यांना त्याच क्षणी घरी पाठवायला हवं होतं. त्यांनी विचारलं, ही लाख कशासाठी. मावशींनी सांगितलं, लोकांच्या मताला कोणी हात लावू नये म्हणून. मिस लोरेटांनी लाखेची कांडी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. मग म्हणाल्या, लाख राहू दे, तूच यंत्राजवळ उभी राहत जा. त्या दिवसापासून दोघींची जी गट्टी जमली, तिच्यात भाषा कुठं आडवी आली नाही. मिस लोरेटा मावशींना ‘टीचर’ म्हणत आणि मावशी त्यांना ‘लोरेटाबाई’.

हॉलची अवस्था मात्र सांगवत नाही, पण सांगतो. विजेची पेटी कोणत्या काळातली, ते तिच्यावरच्या गंजालाच ठाऊक. मतदानाची यंत्रं आणि कॉफीचा मायक्रोवेव्ह एकाच लाइनवर. मायक्रोवेव्ह लावला की यंत्रं डोळे मिटत. यंत्रांखाली वीज गेल्यास आधार म्हणून बॅटऱ्या होत्या, त्या इतक्या म्हाताऱ्या की वीज गेल्यावर त्याच आधी घाबरत. म्हणून मिस लोरेटांचा नियम होता: एक तर कॉफी, नाही तर लोकशाही. दाराशी प्लायवूडची उतरण होती. तिला असा काही झोक होता की जाड माणूस तिच्यावर चढला की तो थेट मत देऊनच थांबे.

इथं या सगळ्याचा खर्च करतं कोण? मावशींना हे कितीतरी महिने पटलंच नाही. आपल्याकडे अख्ख्या देशाला एक निवडणूक आयोग. कन्याकुमारीला जे यंत्र, तेच काश्मिरात. इथं प्रत्येक काउंटीची आपली चूल वेगळी. श्रीमंत काउंटीत संगमरवर, शेजारच्या काउंटीत प्लायवूड. “राष्ट्रपती अख्ख्या देशाचा,” मावशी म्हणत, “आणि बॅटरीचा खर्च आमच्या पार्काचा? ह्या पोट्ट्याईनं लग्न मोठ्या घरचं लावलं आणि मंडप गल्लीच्या माथी मारून राहिले.”

मे महिन्यातल्या निवडणुकीची गोष्ट. ऊन असं की डांबर च्युइंगमसारखं बुटाला चिकटत होतं. आत दोन यंत्रं बंद पडलेली, रांग पार्काच्या फाटकापर्यंत. आमच्या राज्यात कायदा आहे: रांगेतल्या माणसाला कोणी पाणी द्यायचं नाही. मत विकत घेतल्यासारखं होतं म्हणे. एका घोट पाण्यावर मत विकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, पण कायदा करणाऱ्यांनी पाहिला असेल, त्यांच्या ओळखी दांडग्या. त्याच कायद्यात एक फट आहे. कोणी राखण करत नसलेलं पाणी केंद्रातल्या माणसांनी ठेवलं आणि ज्याचं त्यानं घेतलं तर चालतं.

“म्हणजे पाणपोई,” मावशी म्हणाल्या. “इतकं सरळ होतं तर इंग्रजीत काहून लिहिलं?”

घरून स्टीलची मोठी टाकी आली, तिला ओलं गोणपाट गुंडाळलं गेलं, पेले मांडले गेले. लोक पाणी पिऊ लागले. तेवढ्यात कुठल्याशा पक्षाचा निरीक्षक आला आणि म्हणाला, या बाई पाण्याजवळ उभ्या आहेत, म्हणजे ही राखण झाली. मावशी लांब झाल्या. तो म्हणाला, तरी बघताहेत. मावशींनी पाठ फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, शिक्षा केलेल्या विद्यार्थ्यासारख्या. तो माणूस त्यांच्या डोळ्यांवर नजर ठेवायला भिंत आणि मावशी यांच्यामध्ये घुसला. तासभर दोघं नाकाला नाक लावून उभे. मागं पेला वाजला की मावशी भिंतीलाच सांगत, “धुऊन ठेवा!” आणि मेक्सिकन, तेलुगू, गोरे, काळे सगळे निमूट पेले धुऊन ठेवत. आवाजच तसा होता, भाषा कळायची गरज नव्हती.

त्याच दिवशी दुपारी भिंतीतला प्लग जळाला. धूर झाला, पण भोंगा वाजला नाही. लाखेच्या वेळी बोंबलून तोही गेलेला. तो प्लग मावशींनी ओढून काढला आणि पिशवीत टाकला.

पंधरवड्यात काउंटीच्या निवडणूक ऑफिसमधला डेल आला. डेल पन्नाशीचा, वाकलेला, गरीब गाईसारखा माणूस. वाईट बातमी सांगायला त्यालाच पाठवत, कारण त्याच्यावर ओरडवत नसे. त्यानं सांगितलं की हॉलची वीज धोक्याची ठरली आहे, उतरण नियमात बसत नाही, दुरुस्तीला पैसे नाहीत. नोव्हेंबरपासून हॉलमधलं केंद्र बंद. सगळ्यांनी हायस्कूलच्या जिममध्ये जायचं. जिम हायवेच्या पलीकडे. गाडीनं दहा मिनिटं. पायी जायला फुटपाथ नाही, बस नाही, आणि बॅटरीच्या खुर्चीला तर रस्ताच नाही.

मिस लोरेटांनी खुर्ची वळवली आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. पोस्टानं मत देता येतं, मतदानाच्या दिवसाआधी जाऊनही देता येतं, असं डेल पुटपुटला. त्या म्हणाल्या, “माझी आई या दारातून आत आली होती.” बस्स, एवढंच. मावशींनी ते ऐकलं आणि पदर खोचला.

आणि मग आपली माणसंच करू जाणोत अशी चूक त्यांनी केली. वर्गणी काढली.

मराठी माणसासमोर कुठलंही संकट आलं, की तो आधी पावतीपुस्तक शोधतो. मावशींनी आमच्या मराठी मंडळाचं गणेशोत्सवाचं उरलेलं पुस्तक मिळवलं. त्यावर वर मोदक हातात घेतलेला बाप्पा, खाली मावशींची सही, मध्ये ‘पार्कातल्या मतदान हॉलची वीज व उतरण’. घरोघर फिरल्या, अर्थात पायी. मराठी झाले, तेलुगू झाले, गुजराती झाले, न्हावी झाला, टाकोवाला झाला. गोऱ्या म्हाताऱ्यांना त्या गणपतीचं इतकं कौतुक वाटलं की काहींनी पावती फ्रेम केली. मंडळाच्या अध्यक्षांनी तेवढं विचारलं, यात आपल्या मंडळाचं नाव कुठं लागणार. मावशींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी वर्गणीही दिली आणि त्या वर्षी अध्यक्षपदही सोडलं.

सगळं जमवून, लाडवाच्या डब्यात भरून, मावशी मला घेऊन निवडणूक ऑफिसात गेल्या. टेबलावर डबा ठेवला. डेलनं झाकण उघडलं आणि डब्यात नाग निघाल्यासारखा भिंतीला चिकटला. त्यानं वकिलाला बोलावलं. वकिलानं डब्याला हातसुद्धा न लावता सांगितलं की निवडणुकीसाठी खाजगी पैसा घेणं आमच्या राज्यात गुन्हा आहे. कोणी पैसेवाला निवडणूक विकत घेईल, म्हणून कायदा केलाय.

वकिलाचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण मावशींना त्यातला एकच अर्थ कळला, की यांना वाटतं मी लाच घेऊन आले. ड्युटीवर असताना ज्या बाईनं सरपंचाघरचा चहा घेतला नाही, भाकरी घरून बांधून नेली, तिला! त्यांनी डब्याचं झाकण दाबून दाबून लावलं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, “पुणेकर, मी चहापण नाही घेतला कोणाचा कधी.” मी म्हटलं, मावशी, मला माहीत आहे. घरापर्यंत डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही.

मग त्यांनी वर्गणी परत केली. घरोघर जाऊन, पावती बघून. मराठी माणसाच्या इतिहासात वर्गणी परत आल्याचं हे पहिलंच उदाहरण. काही घरांत लोकांनी दारच उघडलं नाही. त्यांना वाटलं, पुन्हा मागायला आली.

पण बाई थांबणाऱ्या नव्हत्या. लोकांचे पैसे चालत नाहीत ना, मग काउंटीचे काढा. काउंटी म्हणाली, घरपट्टी वाढेल, लोक मारतील. राज्याकडे गेल्या, राज्य म्हणालं, हॉल काउंटीचा, आम्ही का द्यायचे? सगळीकडे मी ड्रायव्हर. प्रत्येक ऑफिसात एक पांढरे दात, एक पाण्याची बाटली आणि ‘तुमची तळमळ आम्हाला भावली’.

आणि एक दिवस काउंटीला साक्षात्कार झाला: केंद्र सरकार! निवडणुकीच्या सोयींना केंद्र सरकारनं कायमचा पैसा द्यावा, असा ठराव करून वॉशिंग्टनला पाठवायचा. मागणी खोटी नव्हती हो. मावशी पहिल्यापासून तेच म्हणत होत्या. पण ते शब्द कमिशनरांच्या तोंडात गेल्यावर त्यांचा रंगच बदलला. चेअरमन रँडीनं मावशींना स्वतः फोन केला. म्हणाला, आम्ही तुमच्या पाठीशी उभे आहोत, सभेला या. मावशींना वाटलं, झालं, हॉल वाचला. त्यांनी निळी काठाची साडी नेसली. मिस लोरेटांना फोन करून सांगितलं, पेढे आणते.

तर आपण आता पुन्हा त्या सभागृहात आलो.

आमच्या विषयाआधी एक विषय होता: पार्कातल्या टेनिस कोर्टाचं पिकलबॉल कोर्ट करायचं. पिकलबॉल म्हणजे टेबल टेनिसला टेबलावरून खाली ढकलल्यावर जे होतं ते. इथल्या निवृत्त लोकांना त्याचं वेड. कोर्टाला पेंट, जाळी, उंच दिव्यांचे खांब, त्यांना लागणारी नवी वीज. पैसे? होते. हात वर झाले, मंजूर, पुढचा विषय. आपल्याकडे चहा सांगायला याहून जास्त वेळ लागतो.

पुढचा विषय आमचा. ठराव वाचला गेला. त्यात ‘लोकशाहीचा कणा’ होता, ‘अत्यावश्यक पायाभूत सुविधा’ होत्या, एवढी भव्य वाक्यं की माझ्या शेजारचा म्हातारा राष्ट्रगीत समजून उभा राहिला आणि छातीवर हात ठेवू लागला. मावशी वाट पाहत होत्या. हॉलचं नाव येईना. मावशींनी हात वर केला, माईकवर गेल्या आणि विचारलं, आणि आमचा हॉल? रँडी म्हणाला, मॅडम, त्यासाठीच तर हा ठराव आहे. मावशींनी विचारलं, वॉशिंग्टनचे पैसे येईपर्यंत काय? तो म्हणाला, आमचा पूर्ण पाठिंबा आहे. त्यांनी विचारलं, आताच दिव्याच्या खांबाला पैसे निघाले, ते कुठून? तो म्हणाला, ते खातं वेगळं.

मग आवाज चढला, घंटा वाजली, झेंडा हलला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

“दुसऱ्याच्या खिशाला पाठिंबा देऊन राहिले तुम्ही,” मावशी शेवटी म्हणाल्या. या वेळी न ओरडता, आणि सगळं नागपुरीत. “शेजाऱ्यानं जेवू घालावं म्हणून ठराव करता, अन् पोरगं तुमचं उपाशी.”

कोणाला काही कळलं नाही. रँडीनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सगळ्यांनी वाजवल्या. ठराव एकमतानं मंजूर झाला. फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी काउंटीच्या वेबसाइटवर मावशी झळकल्या: तोंड उघडं, हात हवेत, मुठीत जळका प्लग. खाली ओळ: ‘ठरावाला ज्येष्ठ नागरिकांचा उत्स्फूर्त पाठिंबा’.

ते बघितल्यावर मला जी शिसारी आली, ती अजून उतरलेली नाही. उघड नाही म्हणणारा माणूस परवडतो. त्याच्या दारात धरणं धरता येतं, त्याला शिव्या देता येतात. पाठिंबा देणाऱ्याचं काय करणार? तो तुमच्याच बाजूनं उभा राहून तुमच्याच पायावर पाय देतो आणि वर हसतो. वॉशिंग्टनला अशा ठरावांनी म्हणे गोदामं भरली आहेत. एखादी काउंटी राहिली नसेल. पाठिंब्याची कमतरता नाहीच कुठं.

मावशींनी तो फोटो पाहिला आणि “हट्!” एवढंच म्हणाल्या. पेढे त्यांनी आणलेच नव्हते.

नोव्हेंबरात मतदानाच्या दिवशी दुपारी मी मत देऊन परतताना पार्काशी वळलो. हॉलच्या बंद दारावर कागद चिकटवलेला: केंद्र हलवले आहे. दारासमोर मावशी. जिममध्ये पुरेशी माणसं आहेत, असं सांगून त्यांना काम दिलं नव्हतं. ड्युटी म्हणून त्या इथं आलेल्या. शेजारी गोणपाट गुंडाळलेली टाकी. चुकून जुन्या केंद्रावर आलेल्यांना पाणी देऊन पुढं पाठवत होत्या. इथं रांग नव्हती, त्यामुळे कायदाही नव्हता.

हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर विजेची नवी कोरी पेटी बसवलेली होती, माणसाएवढी. तिच्यातून मनगटाएवढा पाइप निघून कोर्टाकडे गेलेला. भर उन्हात खांबांवरचे सगळे दिवे लागलेले आणि त्याखाली दोन गृहस्थ टॉक टॉक, टॉक टॉक खेळत होते.

तेवढ्यात मिस लोरेटा खुर्चीवरून आल्या. माझ्या गाडीत त्या मावल्या असत्या, खुर्ची नसती. आणि खुर्चीशिवाय त्या रांगेत थांबणार कशा? अपंगांची गाडी आदल्या दिवशी सांगावी लागते. त्यांनी सांगितली नव्हती. त्यांना वाटत होतं, ठराव झालाय म्हणजे निदान दार उघडं असेल.

मावशींनी टाकीवर झाकण ठेवलं. “चला, लोरेटाबाई,” म्हणाल्या. आणि मला, “पुणेकर, तुम्ही मागून या. दिवे लावून.”

ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. हायवेच्या कडेच्या पिवळ्या गवतातून पुढं धोटेमावशी, निळी साडी, पांढरे बूट, हातात उघडी लाल छत्री, येणाऱ्या ट्रकना हात दाखवून थांबवत. त्यांच्या मागे खुर्चीत ताठ बसलेल्या मिस लोरेटा. मागे चालत्या माणसाच्या वेगानं माझी गाडी, दोन्ही दिवे उघडझाप करत, आणि तिच्यामागे अख्खा हायवे भोंगे वाजवत. पार शेजारच्या टेनेसी राज्यापर्यंत गाड्या तुंबल्या होत्या, असं म्हणतात. मध्येच खुर्चीची बॅटरी बसली. मग मावशींनी छत्री मिस लोरेटांच्या हातात दिली आणि खुर्ची ढकलायला लागल्या. मी उतरलो तर मला म्हणाल्या, गाडी सांभाळा. नाला पार केलेल्या बाई त्या. चढ काय चीज आहे.

दोघींनी मत दिलं. केंद्र बंद व्हायच्या आत दिलं.

बाहेर आल्यावर दाराशी डेल उभा होता, कागद सांभाळत. मावशींची साडी गुडघ्यापर्यंत गवताच्या कुसळांनी भरलेली. त्या त्याच्यासमोर उभ्या राहिल्या आणि थकलेल्या, साध्या इंग्रजीत म्हणाल्या, “हॉलला नवीन लाइन आली. मी आजच पाहिली. मोठी पेटी बसवली. आता धोका नाही काही. पुढच्या वेळी केंद्र तिथंच उघडाल ना?”

डेलनं बुटांकडे पाहिलं.

“ते वायरिंग पिकलबॉलचं आहे, मॅडम.”